गुरुजी, व्यायामाला वेळ कधी काढणार?

शिक्षकांना 'रोज थोडे चालत जा' असे सांगितले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे, 'डॉक्टर, वेळच मिळत नाही हो.' आणि दुसरे, 'दिवसभर पायांवरच तर उभा असतो, आणखी वेगळा व्यायाम कशाला?' पहिल्या उत्तराकडे नंतर वळू. दुसरे उत्तर अधिक घातक आहे, कारण ते खरे वाटते. चाळिशी-पंचेचाळिशीतच रक्तदाब आणि मधुमेह घेऊन दवाखान्यात येणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांपैकी बहुतेक जण स्वतःला धावपळीचे काम करणारे समजतात. धावपळ असते, पण ती डोक्याची. पाय मात्र फळा आणि टेबल यांच्यामधल्या चार फुटांत खिळलेले असतात.

उभे राहणे आणि चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पायांतले रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम प्रामुख्याने पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकले की पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. एका जागी उभे राहिले की हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त पायांत साचते, संध्याकाळी घोटे सुजतात, पाय शिशासारखे जड होतात. वर्षानुवर्षे असेच चालले, त्यातून घराण्यात तो त्रास असला, तर झडपा निकामी होऊन पायांवर निळसर, नागमोडी शिरा फुगून दिसू लागतात. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या याच. शिक्षक, केशकर्तन करणारे, दुकानात काउंटरमागे उभे राहणारे अशांच्या पायांवर त्या आम्हाला वारंवार दिसतात.

१९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच खाते, एकच गाडी. पण दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढ-उतार करून तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. आमचे गुरुजी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहेत. ते बसलेले नसतात, पण चाललेलेही नसतात. आणि शाळा सुटल्यावर उत्तरपत्रिका, निकालपत्रके, टाचणवही, मोबाइलवर भरायची नाना प्रकारची माहिती, हे सगळे बसूनच!

मग शाळेतून घरी आल्यावर अंगात काही उरत नाही, ते का? कारण पन्नास-साठ मुलांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे, सहा-सात तास मोठ्या आवाजात बोलणे, मिनिटामिनिटाला कुणाच्या तरी तक्रारीचा निवाडा करणे, यांत मेंदू आणि गळा थकतो. हा थकवा खराच आहे. त्याला आळस म्हणणारा माणूस कधी चौथीच्या वर्गावर उभा राहिलेला नसावा. पण हा थकवा स्नायू वापरल्याचा नाही, न वापरल्याचा आहे. म्हणून तो सोफ्यावर पडून टीव्ही पाहिल्याने जात नाही. दोन तास पडून उठलेला माणूस पुन्हा जड डोक्यानेच उठतो, आणि वीस मिनिटे पाय मोकळे करून आलेला माणूस मात्र घरच्यांशी चार शब्द बरे बोलतो. हे स्वतः करून पाहावे, माझ्या शब्दावर विसंबू नये.

यामागचे शास्त्र सोपे आहे. विहिरीवर तीन हॉर्सपॉवरची मोटर बसवली आणि तिच्यावर पाचचा भार टाकला, तर ती तापते, घरघरते. पाचची मोटर तेच पाणी शांतपणे चढवते. नियमित चालण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते आणि स्नायूंच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया नावाची केंद्रे संख्येने वाढतात. शाळेचे काम तेवढेच राहते, पण ते आता शरीराच्या ताकदीचा लहानसा भाग खाते. संध्याकाळी काही शिल्लक राहते ते यामुळे. मात्र हे चार दिवसांत होत नाही. पहिले आठ-दहा दिवस उलट जास्त दमल्यासारखे वाटते, पोटऱ्या दुखतात, आणि नेमके तिथेच बहुतेकांचा व्यायाम संपतो. तीन-चार आठवडे नेटाने काढले की फरक कळू लागतो.

इथे एक विषय काढलाच पाहिजे. 'फार थकवा आहे, एक सलाईन लावा, ताकद येईल,' अशी मागणी सुशिक्षित मंडळींकडूनही होते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे साधारण पाच चमचे. शंभर कॅलरीसुद्धा त्यातून मिळत नाहीत. एक मोठी पोळी खाल्ली तर तेवढी शक्ती येते, आणि पोळीला सुई लागत नाही! जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले असेल, तोंडाने काही घेता येत नसेल, तर सलाईन जीव वाचवते. शाळेच्या थकव्याला तिचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो तपासणीचा. व्यायामाला अंगात बळच नाही असे ज्यांना महिनोन्महिने वाटते, त्यांनी आधी स्वतःला दोष देणे बंद करावे आणि रक्त तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पगारदार घर असले म्हणून त्यातून सुटका होत नाही. मासिक पाळीत जास्त रक्त जाणारी, सकाळी चहा-बिस्किटावर घर सोडणारी शिक्षिका नऊ हिमोग्लोबिनवर वर्ग सांभाळत असते आणि तिला वाटते, आपले वय झाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षयच. त्याच्या जोडीला थायरॉईड, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, रक्तदाब, आणि शाकाहारी असाल तर बी-१२ हे जीवनसत्त्व पाहून घ्यावे. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने तेही डॉक्टरांना सांगावे, त्यामागे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. महिनाभर कशातच मन लागत नसेल, पहाटे लवकर जाग येऊन उदास वाटत असेल, तर ते सांगायलाही संकोचू नये. त्यावर औषध आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षिका सहसा बोलत नाहीत. शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणीही त्या पीत नाहीत. संध्याकाळचे डोके दुखणे, गळून जाणे, वरचेवर होणारी लघवीची जळजळ, याचे मूळ पुष्कळदा यात असते. हा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुटणारा नाही. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनीच तो सोडवायचा आहे.

आता वेळेचा प्रश्न. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शिक्षकाचे काम पूर्वतयारीसह आठवड्याला किमान ४५ तासांचे आहे. आठवड्याचे तास १६८. रोजची सात तास झोप धरली तर ४९ तास गेले, तरी कागदावर ७४ तास उरतात. पण कागदावरचे तास आणि शिक्षकाचे तास यांत अंतर आहे, हे मलाही कळते. ये-जा करणाऱ्याचे दोन-अडीच तास रोज एसटीत किंवा दुचाकीवर जातात. निवडणुका, मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, दाखले, हे वेगळेच. तेव्हा 'पहाटे पाचला उठून तासभर फिरा' हा सल्ला मी शिक्षकांना देत नाही. रात्री अकराला झोपलेल्या माणसाने झोप मोडून फिरायला जाणे म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात घालणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. २०१० च्या मार्गदर्शनात अशी अट होती की व्यायाम एका वेळी सलग किमान दहा मिनिटे झाला तरच तो मोजायचा. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. पाच मिनिटे चाललात तर ती पाच मिनिटेही जमेला धरायची. ज्याचा दिवस घंटेने तुकड्या-तुकड्यांत कापलेला आहे, त्या शिक्षकासाठी ही सवलत मोलाची आहे. मध्यम व्यायाम ओळखण्याची खूण अशी: चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. मैत्रिणीबरोबर गप्पा मारत, दुकानांच्या पाट्या वाचत रमतगमत फिरणे यात बसत नाही.

हे तुकडे कुठे सापडतील? एसटीने जाणाऱ्याने एक थांबा आधी उतरावे. दुचाकीवाल्याने गाडी शाळेच्या दारात न लावता गावाच्या वेशीपाशी, ओळखीच्या घरी लावून उरलेले अंतर पायी जावे. परिपाठानंतर मुलांची कवायत होते तेव्हा शिक्षकाने हात मागे बांधून उभे न राहता मुलांबरोबर करावी, मुलांना गंमत वाटते आणि ती नीट करतात. मुले फळ्यावरचे उतरवून घेत असताना बाकांच्या रांगांमधून फिरावे. फिरता येत नसेल तर टेबलाला हात लावून टाचा वीस वेळा उचलाव्यात. पोटरीचा तो पंप त्याने सुरू होतो. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर लगेच खुर्चीत न टेकता मैदानाला दहा मिनिटे फेऱ्या माराव्यात. जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी दिवसातले बाकी सारे सोडले तरी हे सोडू नये. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी संध्याकाळचा पाऊण तास घरात आधीच सांगून राखून ठेवावा.

शिक्षक खोलीत अलीकडे मोबाइलवरची पावले मोजण्याची चढाओढ असते. तिला माझी हरकत नाही. पण दहा हजाराचा आकडा कोणा वैद्याने ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क स्त्रियांच्या पाहणीत रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले आणि सुमारे ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा सध्या तीन हजार होत असतील तर पाच हजार करा. दहा झाले नाहीत म्हणून शून्यावर येऊ नका.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही हवा. त्यासाठी जिम लागत नाही. खुर्चीचा आधार न घेता दहा वेळा उठ-बस, भिंतीला हात टेकून दहा जोर, आणि आपले सूर्यनमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले आणि त्यावर पुस्तकही लिहिले, म्हणजे शाळा आणि सूर्यनमस्कार हे नाते आपल्याकडे जुनेच. सुरुवात चारने करा. गुडघा किंवा कंबर दुखणाऱ्यांनी, हर्निया असलेल्यांनी, रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

शिक्षिकांच्या बाबतीत मात्र हे सारे अर्धवट राहते, कारण त्यांची दुसरी शाळा घरी भरते. पहाटे दोन डबे, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, मग मुलांचा अभ्यास. 'घरकामातच व्यायाम होतो' असे घरचे पुरुष मोठ्या उदारपणे सांगतात! फरशी जोर लावून पुसली तर थोडा होतो, हे मान्य. ओट्याशी उभे राहून भाकऱ्या थापण्यात होत नाही, तिथे पाय पुन्हा शाळेसारखेच उभे. एका शिक्षिकेच्या नवऱ्याला मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिले होते: रोज संध्याकाळी कुकर तुम्ही लावायचा, ही अर्धा तास बाहेर. नवरा हसला, पण त्याने ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली. चार महिन्यांनी बाईंचा रक्तदाब १५०/९६ वरून १३४/८६ वर आला. त्यात मीठ कमी केल्याचाही वाटा होताच, सगळे श्रेय कुकरला देता येणार नाही. पायांत त्या साडीवरच कॅनव्हासचे बूट घालत. पहिले आठ दिवस गल्लीतल्या बायकांनी वळून पाहिले, नवव्या दिवशी त्यांतल्या दोघी बरोबर निघाल्या.

परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत सगळी घडी विस्कटते, ते गृहीत धरूनच चालावे. पेपर तपासताना एक गठ्ठा संपला की उठून घरातल्या घरात पाच मिनिटे चालावे. मान आणि डोळ्यांनाही तेवढी विश्रांती मिळते. त्या पंधरवड्यात एवढेच जमले तरी पुरे, सुट्टी लागली की पुन्हा पूर्ववत.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये. चढावर किंवा जिन्यावर छातीत दाटून येते, थांबले की बरे वाटते, अशी तक्रार असणाऱ्यांनी ती ॲसिडिटी समजून गोळ्या खात बसू नये, त्याच दिवशी ईसीजी काढावा. आणि ईसीजी चांगला आला तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी टाळू नये. चालताना जबडा किंवा डावा हात दुखणे, भोवळ, दरदरून घाम, हीही तीच सूचना. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी फिरायला जाऊ नये, खिशात चार खडीसाखरेचे खडे ठेवावेत. पायांना मुंग्या येत असतील, स्पर्श कमी कळत असेल, तर अनवाणी चालणे पूर्ण बंद, आणि घरी आल्यावर तळवे रोज उजेडात पाहावेत. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखू लागली, तर चोळू नये, चालूही नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.