ब्युरोची मावशी घरी येण्याआधी

मुलगा फोनवर दर ठरवतो, सून वेळ ठरवते, आणि ज्यांच्यासाठी माणूस ठेवायचा त्यांना मावशी दारात उभी राहिल्यावर कळतं. असं होऊ देऊ नका. पैसे कुणीही भरोत, अंग पुसलं जाणार आहे तुमचं आणि घास भरवला जाणार आहे तुम्हाला. दर, वेळ आणि कामांची यादी तुमच्यासमोर ठरली पाहिजे. म्हणून हे सगळं थेट तुम्हाला सांगतो आहे. मुलांनीही वाचलं तर बरंच.

पहिला प्रश्न दराचा नाही, माणूस कुठला हवा याचा आहे. अंघोळ, कपडे, डायपर, भरवणं, कुशीवर वळवणं, गॅलरीत फिरवून आणणं एवढंच काम असेल तर मदतनीस मावशी किंवा मामा पुरतात. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर बदलणं, नाकातली नळी घालणं, खोल बेडसोअरचं ड्रेसिंग ही कामं नर्सची. माणूस पुरवणारा ब्युरो ‘आमची मावशी सगळं करते’ म्हणाला तरी मदतनिसाकडून इंजेक्शन घेऊ नका. नर्स पाठवली तर तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. विचारायला संकोच करू नका, खऱ्या नर्सला याचा राग येत नाही. पण दिवसातून एकदाच इंजेक्शन असेल तर बारा तासांची नर्स कशाला? मावशी दिवसभर आणि नर्स फक्त एका भेटीपुरती, असं ठरवलं की खर्च बराच उतरतो.

आता दर. पुण्या-मुंबईत बारा तासांच्या मदतनिसाचे साधारण ७०० ते १,००० रुपये रोज, चोवीस तासांचे १,००० ते १,५००. नर्सचे बारा तासांचे १,५०० ते २,५००. फिजिओथेरपिस्टची एक भेट ६०० ते १,०००. तालुक्याच्या गावी हे आकडे उतरतात, पण माणूस मिळायला वेळ लागतो. कमीत कमी तीन ठिकाणी विचारा आणि भाव व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. तोंडी सांगितलेला दर पहिल्या बिलाला बदलतो.

बिल फुगतं ते रोजाच्या दरानं नाही, त्याच्याभोवतीच्या गोष्टींनी. नोंदणी फी किती आणि ती किती महिन्यांसाठी? अनामत किती, परत कधी? तुम्ही मधेच दवाखान्यात दाखल झालात तर त्या दिवसांचे पैसे कापणार की घेणार? दिवाळी, होळी, ईदला दुप्पट रोज लागतो का? जेवण तुमचं की तिचा डबा? उशिरा सुटल्यावर रिक्षा कोणाची? जीएसटी दरात धरला आहे की वर लागणार? घरात दुसरं आजारी माणूस असेल तर त्याचा वेगळा आकार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: खाडा झाला तर बदली माणूस किती तासांत, आणि नाही आला तर त्या दिवसाचे पैसे वजा होणार ना? ‘बघू, ॲडजस्ट करू’ हे उत्तर धरू नका. आकडा लिहून घ्या.

ब्युरो दोन तऱ्हांनी चालतात. एका तऱ्हेत तुम्ही दर महिन्याला ब्युरोला पैसे देता आणि ब्युरो आपला हिस्सा ठेवून मावशीला पगार देतो. दुसऱ्यात ब्युरो एकदाच कमिशन घेतो, पुष्कळदा अर्ध्या किंवा पूर्ण महिन्याच्या पगाराइतकं, आणि पुढे पगार तुम्ही थेट देता. पहिल्या तऱ्हेत मावशीच्या हातात प्रत्यक्ष किती पडतात ते विचारा. तुम्ही ९०० मोजता आणि तिला त्यातले जेमतेम निम्मे मिळत असतील, तर शेजारच्या इमारतीत शंभर जास्त मिळाले की ती जाणार. दुसऱ्या तऱ्हेत ती पंधरा दिवसांत निघून गेली तर नवं माणूस विनाकमिशन मिळेल, हे कागदावर हवं. नाहीतर कमिशन बुडालं समजा.

चोवीस तासांच्या मावशीबद्दल मोठा गैरसमज आहे. चोवीस तास म्हणजे ती चोवीस तास जागी, असं नाही. तिला रात्री सलग झोप हवी, दुपारी थोडी मोकळीक हवी. तुम्हाला रात्री तीन-चार वेळा उठावं लागत असेल तर एका माणसानं भागत नाही, दोन पाळ्या लागतात. ९०० च्या दरानं दोन पाळ्यांचे रोज १,८०० आणि महिन्याचे ५४,००० होतात. आकडा जड आहे, म्हणूनच घरचे तो टाळतात आणि एकाच बाईला दिवसरात्र राबवतात. मग तिला डुलकी लागते आणि तुम्ही न्हाणीघरात पडता. खर्च झेपत नसेल तर रात्रीची पाळी घरातल्यांनी वाटून घ्यावी, पण वाटून घ्यावीच.

सामान विकत घेण्याची घाई करू नका. हॉस्पिटलचा पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे सगळं भाड्यानं मिळतं. कित्येक गावांत ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं आणि सेवाभावी संस्थांची रुग्णसाहित्य केंद्रं आहेत. तिथे अनामत भरली की नाममात्र भाड्यात, कधी फुकटही काम होतं. भाड्याच्या दुकानात पलंग नेण्या-आणण्याचा आणि जोडण्याचा आकार वेगळा लागतो, तो आधी विचारा. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. बिल वाढेल ते धरा, आणि वीज गेली तर काय, याची सोय करा. डायपर मात्र विकतच घ्यावे लागतात. डायपर ठोक घ्या, पण आधी एक छोटं पाकीट लावून माप जुळतं का पाहा.

सरकारकडून काय मिळतं? मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ आणि त्यापुढच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात येतात. आधार, पासबुक, फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र तयार ठेवा. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं आणि कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण हे कार्ड दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. मेडिक्लेममध्ये घरच्या उपचारांचं कलम असलं तरी सहसा अट असते ती दाखल करण्याजोग्या आजाराची, तीन दिवसांहून जास्त चाललेल्या उपचारांची आणि डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याची. म्हणून डिस्चार्ज घेतानाच ‘घरी नर्सिंगची गरज’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नंतर त्या कागदासाठी खेपा पडतात.

वॉचमनच्या ओळखीनं थेट बाई ठेवली तर कमिशन वाचतं, हे खरं. एक गोष्ट मात्र गमावता. ब्युरोनं फसवलं तर तुम्ही ग्राहक ठरता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. थेट ठेवलेल्या माणसाचं नातं कायद्यात वैयक्तिक सेवेचं धरलं जातं आणि ते ग्राहक कायद्याबाहेर आहे. तेव्हा थेट ठेवताना आधारची प्रत, फोटो, मूळ गावचा पत्ता, घरच्या एकाचा नंबर घ्या आणि पोलिस पडताळणी करून घ्या. पगार खात्यावर द्या. ब्युरोकडून घेतलीत तरी पडताळणीचा कागद स्वतः पाहा. ‘आमच्याकडे आहे’ एवढ्यावर सोडू नका.

आता तुमचे हक्क. अंघोळ कोणाकडून घ्यायची हे तुम्ही ठरवता. बाईंना मामांकडून अंग पुसून घेणं नको असेल तर नको. दार लावून कपडे बदलले गेले पाहिजेत. घरात कॅमेरा लावायचा तर तुम्हाला सांगून, आणि न्हाणीघरात किंवा कपडे बदलायच्या जागी कधीच नाही. हात पलंगाला बांधणं, खोलीला बाहेरून कडी घालणं, ‘रात्री त्रास देतात’ म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी देणं, यातलं काहीही ‘सेवा’ या नावाखाली चालवून घेऊ नका. फोन तुमच्या हाताशी असावा. एटीएमचा पिन मावशीला नाही, शेजाऱ्यालाही नाही. सत्तरीपुढच्यांना बँकेनं घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं आहे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी येतो, शुल्क ७० रुपये.

जबाबदारी तुमचीही आहे, आणि ती लहान नाही. मावशी तुमच्यासाठी आहे. तिच्याकडून घरादाराची धुणीभांडी आणि नातवाचा डबा करून घेऊ नका. तिला वेगळा कप, वेगळी ताटली ठेवणं हा अपमान आहे आणि तो थांबवणं तुमच्या हातात आहे. आठवड्याची सुट्टी, बसायला जागा, वेळेवर जेवण हा तिचा हक्क आहे. दागिने, रोकड कुलपात ठेवा, म्हणजे हरवलं तर तिच्यावर आळ येणार नाही. पडलात, गोळी चुकली, खोकल्यातून रक्त आलं, तर ‘मुलांना सांगू नको’ अशी तिला गळ घालू नका. दोष तिच्यावर येतो. आणि लैंगिक छळाचा कायदा घरी काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. घरातल्या कुठल्याही पुरुषानं मर्यादा सोडली तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते, आणि तिनं जावं.

‘आम्ही सांभाळतो, घर आमच्या नावावर करा’ हा सगळ्यात महाग शॉर्टकट. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. इतक्या स्वस्तात सही होते, म्हणूनच जपा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं, की सांभाळाच्या अटीवर केलेलं मालमत्तेचं हस्तांतरण, सांभाळ न झाल्यास, रद्द ठरवता येतं. मात्र ती अट असल्याचं दिसलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये हेच स्पष्ट केलं. म्हणून अट बक्षीसपत्रातच लिहा. त्याहून बरं म्हणजे आज काही देऊ नका आणि मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

मुलं खर्च देत नसतील तर ज्येष्ठ नागरिक कायद्याखालीच प्रांताधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज करा. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, मुलांची नावं-पत्ते, औषधांची आणि मावशीची बिलं जोडा. वकील लागत नाही. तुम्हाला जाता येत नसेल तर तुम्ही नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो, फार तर ३० दिवस वाढतात. कायद्यातली कमाल रक्कम महिना १०,००० रुपये, म्हणजे वरच्या ५४,००० पुढे थोडी. तरी मागा. मूलबाळ नसेल तर तुमची मालमत्ता ज्या नातेवाइकाला मिळणार आहे, त्याच्याकडूनही मागता येतं.

कुठल्याही अडचणीत १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक फिरवा. कॉल मोफत, रोज सकाळी ८ ते रात्री ८. रात्री जिवाला धोका वाटला तर ११२. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी लावा, आणि ते मावशीलाही दाखवा.