मत्स्यपेटीतील लाकूड
घरगुती मत्स्यपेटीच्या सजावटीसाठी अनेकजण नदीकाठचे लाकूड उचलून आणतात. वडोदऱ्याजवळील नंदेसरी हे रासायनिक कारखान्यांचे क्षेत्र. अशा ठिकाणच्या नाल्याकाठचे लाकूड मुळीच घेऊ नये. त्यात मुरलेली रसायने व जड धातू उकळूनही खात्रीने निघत नाहीत. कण्हेर नदीपात्रात सर्रास उगवते, परंतु ती विषारी असल्याने वर्ज्य समजावी. स्वच्छ जागेचे, पूर्ण वाळलेले, कठीण लाकूड निवडून त्याची साल व कुजका भाग काढावा. एक-दोन तास उकळावे. नंतर रोज पाणी बदलून, लाकूड आपोआप तळाशी बसेपर्यंत भिजत ठेवावे. यास काही आठवडेही लागतात. पाणी चहासारखे तांबूस होते ते टॅनिनमुळे. एवढ्याने मासे दगावत नाहीत, दिसायला मात्र बरे नाही. प्रारंभी येणारी पांढरी बुरशी बहुधा निरुपद्रवी असते. ती ब्रशाने काढावी. साबण वा रोगण लाकडास लावू नये.