किल्ली कोणापाशी?

सातारा, भाऊबीज

चि. श्रीधर यास काकाचे अनेक आशीर्वाद.

ओवाळणीच्या ताटापाशी सुमाच्या तोंडून निसटले की, ग्राहक-कंपनीचे जे करारनामे बॉक्स नामक मेघ-दफ्तरात तुम्ही ठेवता, त्यांचा दुवा तू 'ज्याच्या हाती लागेल त्याला खुला' असा तीन आठवडे राहू दिलास आणि ध्यानात येताच गुपचूप बंद करून कोणापाशी अवाक्षरही काढले नाहीस. तिच्यावर रागावू नकोस. पोटात काही न राहण्याचा आपल्या घराण्याचा वारसा तुझ्याच वाट्याला कसा आला नाही, याचे मला नवल वाटते.

दुवा खुला राहणे ही काही तुझ्या एकट्याची चूक नव्हे. अशाच दुव्यांची नावे तर्काने ओळखून अनेक कंपन्यांचे गोपनीय कागद परक्यास पाहता येतात, हे 2019 साली उघडकीस आले; कुलूप शाबूत होते, दार माणसांनीच उघडे टाकले होते. पण मौन, श्रीधर? उबर या टॅक्सी-कंपनीच्या लोकांनी गिटहब नामक संकेतस्थळावरील आज्ञावलीतच आपल्या मेघ-दफ्तराच्या किल्ल्या ठेवल्या, 2016 साली चोरांनी त्या उचलून 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती नेली, आणि 2022 साली त्यांचा माजी सुरक्षाप्रमुख न्यायालयात दोषी ठरला तो चोरीबद्दल नव्हे, ती दडपल्याबद्दल.

रेकॉर्डखोलीत कारकून असता मी एका परिचितास फेरफारांचा रुमाल वहीत नोंद न करता घरी नेऊ दिला होता. परत आला तेव्हा दोन पाने कमी होती. मी गाठ पूर्वीसारखीच मारून तो फडताळात ठेवला. कोणी विचारले नाही. आजही कचेरीच्या पायरीवर सातबाऱ्याचा कागद घेऊन बसलेला म्हातारा दिसला की मी वाट बदलतो.

तुमच्या दफ्तरात कोणता कागद केव्हा उघडला गेला, याची नोंद आपोआप राहते म्हणे. ती तपासण्याचा अधिकार मात्र तुझ्या वरिष्ठांचा. मग तू गप्प राहिलास तर ती पाहणार कोण? कदाचित त्या तीन आठवड्यांत कोणी फिरकलेही नसेल.

कठोर लिहिले खरे. लहानपणी माझी दौत सांडलीस, तेव्हा निळे हात पुढे करून तूच माझ्यासमोर येऊन उभा राहिला होतास, आणि मी तुला रागावलो होतो. ते माझे चुकलेच. साहेबांना सांगून झाले की, कितीही रात्र झाली तरी मला फोन कर. हल्ली मला झोप उशिराच लागते.

तुझा,
काका