ओट्याच्या उंचीची बाग

मनगटाला प्लास्टर घातलेल्या एक काकू परवा दवाखान्यात आल्या. वय ७३. मोडलेलं हाड हाडांच्या डॉक्टरांनी बसवलं होतं. माझ्याकडे त्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. पडल्या कशा, तर बाल्कनीतल्या टांगत्या कुंडीला पाणी घालायला स्टुलावर चढल्या होत्या. पण त्यांची चिंता मनगटाची नव्हती. "डॉक्टर, मुलगा म्हणतो, सगळ्या कुंड्या वॉचमनला देऊन टाक. देऊ का?"

"कुंड्या राहू द्या काकू, स्टूल देऊन टाका," मी म्हणाले.

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या ज्येष्ठांकडून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो. जेहान सर्कलपासून आनंदवल्ली, सोमेश्वरपर्यंत पूर्वी बंगले होते, बंगल्यांना अंगण होतं, अंगणात जास्वंद, कढीपत्ता, पारिजातक होता. मोगलाईत ज्या शहराला गुलशनाबाद म्हणत, त्याला ते शोभूनही दिसे. बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणाच्या वाट्याला आली चार बाय दहाची बाल्कनी. अंगणाबरोबर वाकणं, उठणं, बादली उचलणं, फुलं वेचायला हात उंच करणं हेही गेलं. तो व्यायाम होता हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, त्यामुळे तो गेल्याचंही आलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात साठीपुढच्या २,८०५ जणांवर १६ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, रोज बागकाम करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. याचा अर्थ कुंडी हे स्मृतिभ्रंशावरचं औषध आहे, असा नाही. मुळात धडधाकट असणारेच बागेत जास्त रमतात, हाही त्या आकड्याचा एक भाग असू शकतो. पण गोळी घ्यायला विसरणारे माझे अनेक रुग्ण तुळशीला पाणी घालायला विसरत नाहीत, हे मी रोज पाहते. रोज उठून करायला हवं असं एक काम हाताशी असणं, हा उतारवयातला मोठा आधार आहे.

मात्र बाग आपल्या आजच्या शरीराच्या मापाची हवी, तीस वर्षांपूर्वीच्या नव्हे.

माप कुठलं घ्यायचं?

माप घरातच आहे. स्वयंपाकाचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो आणि त्याच्याशी उभं राहून भाजी चिरताना पाठ वाकत नाही. कुंडीतल्या मातीचा पृष्ठभाग त्याच उंचीवर आणा. इथे एक चूक हमखास होते. लोक ३३ इंचांचा लोखंडी स्टँड आणतात, त्यावर १० इंचांची कुंडी ठेवतात आणि माती थेट छातीशी येते. हात वर धरून काम केलं की खांदा दुखतो, मग बाग नकोशी होते. १० इंचांच्या कुंडीला स्टँड २२-२३ इंचांचाच हवा. गुडघ्यांमुळे उभं राहवत नसेल, तर हाताची खुर्ची घ्या आणि माती जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर, म्हणजे २८ ते ३० इंचांवर ठेवा. पाटावर किंवा उकिडवं बसून खुरपणं झिजलेल्या गुडघ्यांना सोसत नाही. टांगत्या कुंड्या खाली उतरवा. आणि स्टँड रुंद पायांचा, भिंतीला टेकवून बांधलेला असावा. वळवाचा वारा सुटला की उंच स्टँड पहिल्यांदा आडवे होतात. कठड्यावर कुंडी ठेवू नका; ती पडली तर खालच्याचा जीव जाईल.

वजन किती?

१२ इंचांची कुंडी नुसत्या बागेतल्या मातीने भरून भिजवली, की २० ते २५ किलो भरते. कंबरेत वाकून ती सरकवायला गेलात आणि हाडं ठिसूळ असली, तर मणका दबायला तेवढंही पुरतं. सत्तरीतल्या पाठदुखीमागे असा दबलेला मणका मला एक्स-रेत पुष्कळदा सापडतो. म्हणून माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात मिसळा. वजन बरंच उतरतं. सिमेंटच्या कुंड्या टाळा, बाल्कनीच्या स्लॅबलाही त्या जड होतात. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर 'प्रयोग परिवारा'च्या कामातून सांगत, की घरच्या ओल्या कचऱ्यातून आणि पालापाचोळ्यातून सुपीक माती आपणच घडवू शकतो. त्यांच्या या विचाराचा पाठीला होणारा फायदा असा, की पालापाचोळ्याची माती हलकी असते.

आपल्या नाशकात एक सोयही आहे. टोमॅटोचे, द्राक्षांचे जुने प्लास्टिक क्रेट इथे सहज मिळतात. आत हिरवी जाळी घालून सहा इंचच मिश्रण भरा आणि क्रेट आधी टेबलावर ठेवून मग भरा, भरलेला उचलू नका. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते. पाणी घालायला मोठी झारी नको. पाच लिटरची झारी म्हणजे एका हाताला पाच किलो. लिटरच्या बाटलीने चार खेपा घाला, तेवढीच पावलं होतात.

काय लावायचं?

लवकर हाती येईल ते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढता येते. कोथिंबिरीला चाळीसेक दिवस लागतात, धने हलके रगडून दोन फाकी करून पेरा. दोन्हींना आपली थंडी मानवते, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्यांचा हंगाम. पावसाळ्याच्या तोंडाला मिरची, वांगं लावा. त्यांना दहा-बारा इंच खोली हवी. पुदिना, गवती चहा, पानांचा ओवा बारमाही. एप्रिल-मेमध्ये मात्र वर हिरवी जाळी बांधून घ्या आणि तुम्ही स्वतः सकाळी नऊनंतर उन्हात थांबू नका. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उन्हात अंगातलं पाणी आणि क्षार लवकर कमी होतात.

कोवळ्या उन्हात बाग केली की 'ड' जीवनसत्त्व मिळतं, असं अनेकजण सांगतात. सात वाजताच्या तिरप्या उन्हात ते तयार करणारे किरण फारच थोडे असतात. बाग सकाळीच करा, पण 'ड' जीवनसत्त्व रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून घ्या.

कुणी काय सांभाळायचं?

मधुमेह असलेल्यांनी बाल्कनीत अनवाणी जाऊ नये. तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर खडा किंवा काटा रुतलेला दोन-दोन दिवस कळत नाही. बंद चपला घाला, आणि संध्याकाळी पाय धुताना तळवे आरशात पाहा.

रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असलेल्यांना बसल्या जागेवरून एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. खुर्चीच्या कडेला बसून दहा आकडे मोजा, मग उठा. पाण्याची नळी वाटेत पडू देऊ नका, पावसाळ्यात फरशीवरचं शेवाळ घासून घ्या.

हृदयाची झडप बदललेली असून वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल चालू असेल, तर मेथी-पालकाचं पीक आलं म्हणून आठवडाभर रोज पालेभाजी, आणि मग महिनाभर काहीच नाही, असं करू नका. पालेभाजीतल्या 'के' जीवनसत्त्वाने या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. प्रमाण रोजचं सारखं ठेवा आणि आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी करत राहा.

दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी कबुतरांची वाळलेली विष्ठा झाडू नये. ती धूळ होऊन फुप्फुसात जाते आणि काहींना कायमचा त्रास देते. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग पुसून घ्या. हे काम दुसऱ्याने केलं तर उत्तमच. खताची, कोकोपीटची पिशवीही तोंडाजवळ उघडू नका. ऑस्ट्रेलियात अशा पिशव्यांवर लिजिओनेला जिवाणूपासून सावध राहण्याचा इशारा छापलेला असतो.

आणि सगळ्यांसाठी दोन गोष्टी. मातीत धनुर्वाताचे जिवाणू असतात. दर दहा वर्षांनी टीडीची लस घ्यायची असते, पण शाळा सुटल्यावर ती घेतलेली आठवते असं सांगणारे कमीच. दुसरी गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून देणं पुरेसं नाही. आठवड्यातून एक वार ठरवा आणि ताटल्या काथ्याने घासा.

सुरू करण्याआधी एक चाचणी

भिंतीला टेकवलेल्या, बिनहाताच्या खुर्चीत बसा. हात छातीशी दुमडा आणि लागोपाठ पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. कुणालातरी जवळ उभं करा आणि वेळ मोजायला सांगा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, किंवा हात टेकवावेच लागले, तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे. एकदा डॉक्टरांना भेटा. बागेतही खुर्ची कामाला लावा. प्रत्येक कुंडीला एकदा बसा, एकदा उठा. जमेल तेव्हा हात न टेकता. नुसतं पाणी शिंपडून ताकद येत नाही, आणि रोजचं चालणंही सोडायचं नाही.

काकूंचं प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत. तोवर त्यांच्या मुलाला मी एक काम दिलं आहे: टेप घेऊन आईला ओट्यापाशी उभं करायचं, तिच्या कामाची उंची मोजून कागदावर लिहायची, आणि तो कागद खिशात ठेवूनच स्टँड आणायला जायचं. काकूंची पाच उठबशांची वेळ माझ्याकडे केसपेपरवर नोंदलेली आहे, २१ सेकंद. मेथीच्या तीन खेपा निघाल्या की पुन्हा मोजू.