घरगुती लोणच्याची विक्री व तिचे नियम

कैरीचा भाव उतरला म्हणजे बागाईतदाराच्या घरांत लोणच्याच्या बरण्या भरूं लागतात. घरच्यापुरतें ठेवून उरलेलें लोणचें शहरांतील गिऱ्हाइकास विकावें, हा विचार योग्यच आहे. परंतु कैरी विकणें आणि लोणचें विकणें यांत कायद्यानें भेद केला आहे. तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या 18 व्या कलमान्वयें शेतकरी व त्याच्या शेतावरील माल यांस तो कायदा लागू नाहीं. तीच कैरी चिरून, मीठमसाला घालून विकली, कीं तो अन्नव्यवसाय होतो. काम घरच्या स्वयंपाकघरांत चालतें, एवढ्यावरून सूट मिळत नाहीं. 31 व्या कलमानें लहान उत्पादकास परवाना माफ केला असला, तरी नोंदणी केलीच पाहिजे. 2011 च्या विनियमांत यासाठीं वर्षास 12 लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा व 100 रुपये वार्षिक फी ठरविली होती. अर्ज करतेवेळीं चालू आंकडे पाहून घ्यावे. अर्ज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर करावा. नोंदणी झाली म्हणजे 14 अंकी क्रमांक मिळतो.

त्यानंतर पाळावयाचे मुख्य नियम असे :

(1) पाणी पिण्यायोग्यच वापरावें. 
(2) संसर्गजन्य रोग किंवा उघडी जखम असलेल्या माणसानें मालास हात लावूं नये. 
(3) माश्या, झुरळें व उंदीर यांचा शिरकाव होऊं देऊं नये. केरकचरा झांकून ठेवावा. 
(4) बरणीवरील चिठ्ठींत पदार्थाचें नांव, वजनाच्या उतरत्या क्रमानें घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, वापराची मुदत, खेपेचा क्रमांक, करणाऱ्याचें नांव व पत्ता, नोंदणी क्रमांक आणि चौकोनांतील हिरव्या वर्तुळाची शाकाहारी खूण असावी.

यांपैकीं खेपेचा क्रमांक निरर्थक वाटतो. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं चाळीस बरण्या लोणचें दोन खेपांत घातलें. दुसऱ्या खेपेच्या फोडी नीट कोरड्या झाल्या नव्हत्या. महिन्याभरानें कांहीं बरण्यांत बुरशी दिसली. पण कोणती बरणी कोणत्या खेपेची, हें सांगतां येईना. तोपर्यंत बारा बरण्या शेजारच्या तालुक्यांत गेल्या होत्या. त्या परत मागवून सर्वांचे पैसे दिले, आणि चांगल्या बरण्याही खड्ड्यांत पुराव्या लागल्या. मुलकी खात्यांत आम्हीं उभा जन्म लोकांस सांगितलें, कीं उताऱ्यावर नोंद नसेल तर तोंडी शब्दास किंमत नाहीं. आणि घरच्या बरणीवर साधा आंकडा घातला नाहीं!

म्हणून बरणी भरतांच चिठ्ठी लावावी, व तोच आंकडा वहींत लिहून कोणती बरणी कोणास दिली तें पुढें मांडावें. कैरीच्या हंगामापूर्वीं वाचकांनीं नोंदणी उरकून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.