कोरडे मोजे जपा

लोहाऱ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या, पाणीटंचाईच्या गावात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हटले तर त्याला व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींचे नाव सांगावे. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. तिथून समुद्र दिसत नाही. तरी एका भारतीयाने शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. तो पुरा केला कमांडर दिलीप दोंदे यांनी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ घेऊन दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले.

फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असा तो मार्ग. पुढे नौदलाची ‘तारिणी’ ही नावही याच वाटेने गेली: २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन आणि २०२४-२५ मध्ये दिलना व रूपा या दोघी अधिकाऱ्यांना घेऊन. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमेचा वारा अडवायला जमीनच जवळजवळ नाही. त्यामुळे नाव पळते छान, पण माणूस काकडतो. उत्तर अटलांटिकवर आइसलँडच्या बाजूला जाणाऱ्यांचे रोजचे जिणेही फारसे वेगळे नसते.

वादळाच्या कहाण्या सगळे ऐकतात, पण माणसाला थकवते ती रोजची ओल. समुद्राचे पाणी कपड्यात सुकले तरी मीठ मागे राहते, ते हवेतला ओलावा ओढते आणि कपडा पुन्हा दमट होतो. खाली केबिनमध्ये श्वासाची आणि चहाची वाफ थंड भिंतींवर जमून गादीवर ठिबकते. सुती बनियन ओले झाले की अंगातली ऊब काढून घेते. लोकर ओली असली तरी थोडी ऊब धरते. म्हणून जुने जाणते सांगतात: ओले कपडे शिडीशीच उतरवा, मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी ठेवा आणि काही झाले तरी तो घालून डेकवर जाऊ नका. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पाय गार असले की झोप लागत नाही, आणि न झोपलेला माणूस गाठ चुकीची मारतो.

पाण्याचा हिशेब मात्र लोहाऱ्याच्या माणसाला शिकवावा लागणार नाही. गोडे पाणी पिण्याला, भांडी खाऱ्या पाण्यात. साधा साबण त्यात फेसत नाही, एवढीच अडचण.

स्वयंपाक झोके घेणाऱ्या शेगडीवर. उकळते पाणी मांडीवर सांडले तर दवाखाना कित्येक दिवसांच्या अंतरावर, म्हणून रांधतानाही जाड जलरोधक विजार घालावी. कुणी हसले तर हसू द्यावे.

गारठा चढू लागला की बोटे ऐकत नाहीत, जीभ जड होते, माणूस चिडचिडा होतो. आणि नेमका तोच म्हणतो, ‘मला काही झालं नाही.’ अशा वेळी त्याला विचारत बसू नये, सोबत्याने त्याला थेट खाली पाठवावे. डेकवर पाय ठेवण्याआधी सुरक्षेचा दोर अडकवावा, दिवसाउजेडी आणि शांत समुद्रातसुद्धा. दहा अंशांच्या पाण्यात पडलेल्याला पहिले मिनिटभर धाप आवरत नाही, आणि दहाएक मिनिटांत हातपाय कामातून जातात. नाव वळवून परत आणायलाच तेवढा वेळ लागू शकतो.

एवढे सांभाळूनही समुद्र कुणाला सोडत नाही. २०१३ मध्ये ‘म्हादेई’तूनच कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पुरी करणारे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते. २१ सप्टेंबरच्या वादळात त्यांच्या नावेची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, चालता येईना. राखीव उपग्रह फोन आणीबाणीच्या पिशवीत होता, पण तिथवर हात पोचत नव्हता. मजकूर पाठवणारे छोटे यंत्र हाताशी होते, त्यावरून संदेश गेले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पुढे २०२३ मध्ये त्याच शर्यतीत ते दुसरे आले.

थंड समुद्रावर जाणाऱ्याने ही आणीबाणीची पिशवी कपाटात ठेवू नये. झोपण्याच्या जागेशी, हात पोचेल अशी बांधावी, आणि निघण्यापूर्वी अंधारात आडवे पडून ती एका हाताने उघडता येते का ते पाहावे.