आपत्ती ओसरल्यावर उरणारे भय

सुरतेतील सरथाणा भागात २४ मे २०१९ रोजी तक्षशिला आर्केड ह्या इमारतीस आग लागली आणि २२ जणांचा अंत झाला. त्यांत बहुतेक शिकवणीवर्गाचे विद्यार्थी होते. धुराने कोंडलेल्या कित्येक मुलांनी वरून उड्या घातल्या. अग्निशामक दलाची शिडी त्यांच्यापर्यंत पोचू शकली नाही. मृतांची गणती झाली. परंतु जे वाचले आणि ज्यांनी डोळ्यांदेखत हे पाहिले, त्यांच्या मनावरील घावांची गणती कोण करणार?

प्राणसंकटात छाती धडधडणे, अंग कापणे हा देहाचा स्वाभाविक धर्म होय. बहुतेकांचे भय काही आठवड्यांत निवळते. तथापि काहींच्या बाबतीत घडून गेलेली गोष्ट मनाला आताच घडत असल्यासारखी भासते. तोच प्रसंग स्वप्नांत दिसतो, त्या जागेकडे पाऊल वळत नाही, किंचित आवाजानेही मन दचकते, झोप उडते. हे महिन्याहून अधिक काळ टिकले व नित्याच्या जीवनात अडथळा आणू लागले, तर त्यास आघातोत्तर तणावाचा विकार म्हणतात. अमेरिकेतील मानसवैद्यांच्या संघटनेने १९८० साली ह्या नावाने त्यास आपल्या रोगसूचीत स्थान दिले.

लहान मुलांस आपले भय शब्दांत सांगता येत नाही. ते वागण्यातून प्रकट होते. मूल आगीचा वा पुराचा तोच खेळ पुनःपुन्हा खेळते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत लागते, आईचा पदर सोडत नाही, शाळेच्या वेळी पोट दुखते. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरासारख्या संकटानंतर नुसत्या पावसाच्या आवाजानेही एखादे मूल घाबरू शकते. अशा वेळी पुष्कळ घरांत दृष्ट काढली जाते. आईच्या मायेने मुलास धीर येत असेल तर उत्तमच. परंतु तेवढ्यावर थांबू नये. जेवणाखेळाच्या वेळा पूर्ववत् कराव्यात, प्रश्नांना थोडक्यात व खरे उत्तर द्यावे, दुर्घटनेची चित्रे वारंवार दाखवू नयेत. मूल बोलेल तेव्हा ऐकावे; मात्र खोदून खोदून वर्णन करावयास लावू नये.

अग्निशामक जवान, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी व पोलीस ह्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर असे आघात पुनःपुन्हा होतात. ‘आणखी एक जीव वाचवता आला असता’ हा विचार त्यांस छळतो. घरी चिडचिड, अबोला, क्वचित् मद्याचा आधार दिसू लागतो. साधन अपुरे पडले, हा त्यांच्या हातांचा दोष नव्हे, हे घरच्यांनी व वरिष्ठांनी त्यांस स्पष्ट सांगितले पाहिजे.

हा विकार भित्रेपणा नव्हे, वेडही नव्हे. आणि तो बरा होऊ शकतो. जाणकार चिकित्सकाच्या सोबतीने त्या स्मृतीस टप्प्याटप्प्याने सामोरे गेल्यास तिचा दंश ओसरतो. भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. आपल्या घरात वा शेजारी असे कोणी मुकाट्याने सोसत असेल, तर ‘विसरून जा’ असे न म्हणता त्याच्याजवळ बसावे, आणि गरज दिसताच त्यास वैद्यापर्यंत न्यावे.